चित्राबाहेरची माणसे

[लढाईचे चित्र पाहताना आपली दृष्टी प्रथम सेनापतीकडे, तोफेकडे किंवा धुराच्या लोटाकडे जाते. पण त्या चौकटीच्या बाहेरही पुष्कळ माणसे उभी असतात. ती कोण, आणि चित्र पाहताना त्यांची आठवण का ठेवावी, हे या पाठात सांगितले आहे.]

वऱ्हाडची जमीन काळी आणि कसदार. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात. आणि मृगाच्या सरी कोसळल्या, की तीच जमीन लोण्यासारखी मऊ होते. अशा दिवसांत पूर्णाकाठच्या रानात एखादी बंडी रुतली, म्हणजे बैलांचे बळ अपुरे पडते. मग शेजारच्या शेतांतील माणसे हातातले काम टाकून धावतात. कोणी चाकाच्या आऱ्याला हात घालतो, कोणी मागून खांदा देतो, कोणी चाकाखाली वाळलेल्या पऱ्हाट्या टाकतो. एका हाकेसरशी सगळ्यांचा जोर लागतो आणि बंडी वर येते. ती आपल्या वाटेने निघून जाते. धन्याचे काम होते. खांदा देणाऱ्यांची नावे मात्र कोणी कोठे लिहून ठेवीत नाही.

लढायांच्या इतिहासात, आणि विशेषतः लढायांच्या चित्रांत, असेच घडत आलेले आहे.

याचे एक उदाहरण वऱ्हाडातच सापडते. अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याच्या पायथ्याशी अडगाव नावाचे गाव आहे. इ. स. १८०३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या २९ तारखेस, सिरसोली आणि अडगाव यांच्या दरम्यानच्या रानात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची व शिंद्यांच्या घोडदळाची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. लढाईच्या आरंभी मराठ्यांच्या तोफांचा भडिमार असा झाला, की वेलस्लीच्या काही पलटणी पाठ फिरवून पळू लागल्या. त्याने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले आणि शेवटी जय मिळवला. मराठ्यांची फौज मागे हटली आणि तिच्यातील पुष्कळ शिपायांनी गाविलगडाचा आश्रय घेतला.

गाविलगड हा आजच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याजवळ, उंच डोंगरावर उभा आहे. त्याच्या तटाला खिंडार पाडायचे, तर जड तोफा उत्तरेच्या बाजूने वर नेणे भाग होते. पण वर नेणार कशा? गाडीरस्ता नव्हता. दऱ्या खोल, चढ उभे आणि झाडी दाट. तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ ते १२ डिसेंबर या दिवसांत डोंगरातून स्वतःच वाट तयार केली आणि त्या वाटेने तोफा व दारूगोळा बहुतेक अंतर हातांनी ओढून नेला. या तुकडीत बहुसंख्य शिपाई याच देशातले होते. दोरखंडांनी त्यांचे तळहात सोलून निघाले असतील. एकेका वळणावर किती वेळा चाक घसरले असेल! १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. दोनच दिवसांनी देवगाव येथे भोसल्यांशी, आणि महिनाअखेरीस सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. वऱ्हाडातील ही दोन लहान गावे अशा रीतीने हिंदुस्थानच्या इतिहासात येऊन बसली. तोफा ओढणाऱ्यांची नावे मात्र आली नाहीत.

आता या मोहिमेचे चित्र कसे काढले गेले, ते पाहू. अडगावच्या आधी दोन महिने, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीने शिंदे-भोसल्यांशी मोठी लढाई केली होती. तिचे एक रंगीत मुद्रित चित्र प्रसिद्ध आहे. त्यात घोड्यावर बसलेला वेलस्ली आपल्या सैन्याला हुकूम देत आहे. हे चित्र विल्यम हीथ या इंग्रज चित्रकाराच्या रेखाटनावरून लंडनमध्ये १८१५ च्या सुमारास छापले गेले. हीथचा जन्म १७९४ चा. म्हणजे असईच्या रणात तोफा धडधडत होत्या, तेव्हा हा चित्रकार दूर देशी आठ-नऊ वर्षांचा बालक होता! त्याने ना ती नदी पाहिली, ना ते रान, ना ती माणसे. बारा वर्षांनी, ऐकलेल्या व वाचलेल्या वर्णनांवर त्याने हे दृश्य उभे केले. तोपर्यंत वेलस्ली हा वेलिंग्टनचा ड्यूक झाला होता आणि इंग्लंडभर त्याचा जयजयकार चालला होता. लोकांना त्याचे शौर्य पाहण्याची हौस होती. ती हौस पुरवण्यासाठी लढायांच्या चित्रांचे मोठे ग्रंथ निघाले. अशा चित्रात तोफ ओढणाऱ्या शिपायाला जागा कोठून मिळणार?

अशी चित्रे छापण्याची रीतही जाणून घेण्यासारखी आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून तो तापवीत, म्हणजे राळेचे कण पत्र्याला चिकटून बसत. मग पत्र्यावर तेजाब सोडीत. कणांच्या मधल्या उघड्या जागा तेजाबाने कमीअधिक खोल खाल्ल्या जात आणि त्यांत शाई भरून कागदावर दाबली, की पाण्याच्या रंगाने सारवल्यासारख्या फिकट-गडद छटा उमटत. नंतर कारागीर एकेका प्रतीत हाताने रंग भरीत. एका चित्राच्या शेकडो प्रती अशा तयार होत. भिंतीवर टांगलेले मूळ चित्र एका दिवाणखान्यात राहते. छापलेले चित्र गावोगाव जाते. मुद्रित चित्राचे सारे सामर्थ्य यातच आहे.

हे सामर्थ्य महाराष्ट्रानेही लवकर ओळखले. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यास चित्रशाळा स्थापन केली. तेथून देवादिकांची व इतिहासातील थोर पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे निघाली. पुढे १८९४ साली मुंबईस राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. घराघरांतील भिंतींवर चित्रे आली. ज्या घरात एकही पुस्तक नव्हते, त्या घरातही इतिहास चित्ररूपाने येऊन पोहोचला. म्हणूनच चित्रकाराची जबाबदारी मोठी असते. तो जे दाखवतो, ते पिढ्यान्पिढ्या खरे मानले जाते. आणि तो जे वगळतो, ते विसरले जाते.

गाविलगडावर तोफा चढवताना जी अडचण आली, ती पुढे शंभर वर्षे जगातील सर्व सैन्यांना छळीत राहिली. तोफ जड असते. आणि जड वस्तू मऊ किंवा उंचसखल जमिनीवर चालत नाही. या अडचणीवरचा उपाय मात्र एका शेतात सापडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात स्टॉक्टन गावाजवळची नदीकाठची जमीन आपल्या काळ्या रानासारखीच मऊ होती. तेथे नांगरणीची जड वाफेची यंत्रे चिखलात रुतून बसत. १९०४ साली बेंजामिन होल्ट याने अशा एका यंत्राची मागची चाके काढली आणि त्यांच्या जागी साखळीवर फळ्या जोडून केलेले लांब पट्टे बसवले. चाक जमिनीला लहानशा जागेत टेकते, म्हणून सगळे वजन तेथेच पडून ते रुतते. पट्टा लांबरुंद जागेत टेकतो. त्यामुळे वजन वाटले जाते आणि यंत्र चिखलावरूनही चालते. यंत्र जणू आपला रस्ता आपणच पुढे अंथरते आणि मागून गुंडाळून घेते.

पहिल्या महायुद्धात ही पट्ट्यांची यंत्रे प्रथम मोठ्या तोफा ओढण्यासाठी वापरली गेली. मग अशा यंत्रावरच पोलादाचे कवच आणि तोफा बसवण्याची कल्पना इंग्रजांना सुचली. ही गोष्ट शत्रूला कळू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली. कारखान्यात बनत असलेल्या या पोलादी पेट्या पाण्याच्या टाक्या आहेत, असे सांगितले गेले. म्हणून त्यांना ‘टँक’ हे नाव पडले. इंग्रजी नावाचा जन्म असा वस्तू लपवण्यासाठी झाला. मराठीने मात्र तिचे खरे रूप सांगणारा शब्द घडवला : रणगाडा. रणात चालणारा गाडा! ज्या भाषेत बैलगाडा रोज चालतो, त्या भाषेला हा शब्द परका वाटला नाही.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीच्या रणक्षेत्रात रणगाडे प्रथमच उतरले. ते सुमारे पन्नास होते आणि त्यांतील कित्येक वाटेतच बंद पडले. एकेकाचे वजन २८ टन आणि वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर. म्हणजे झपाझप चालणारा माणूस सहज बरोबर राहील. आत आठ माणसे कोंडलेली. धडधडणारे यंत्र त्यांच्यामध्येच. धुराने श्वास कोंडे, उष्णतेने घेरी येई आणि आवाज असा, की शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नसे.

पण त्या काळच्या चित्रांत यांतले काय दिसते? रणगाड्यांची छायाचित्रे छापण्यास आरंभी मनाई होती. वर्तमानपत्रांनी त्यांचे वर्णन अजस्र प्राण्यांसारखे केले आणि साप्ताहिकांच्या चित्रकारांनी ते ऐकीव वर्णन रंगवले. वाचक थरारून गेले. त्या पोलादाच्या आत आठ जीव घामाने निथळत बसले आहेत, हे चित्र पाहून कोणाच्या मनात आले असेल?

रणगाड्याच्या आत माणसे असतात, तशी कधी कधी त्याच्या खालीही असतात. ही गोष्ट आपल्याच एका वीराची आहे. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचा जन्म १९१८ साली कारवारजवळच्या चेंडिये या गावी झाला. ते बॉम्बे सॅपर्स या पलटणीत होते. सैन्यासाठी रस्ते व पूल बांधणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे, हे या पलटणीचे काम. १९४८ च्या एप्रिल महिन्यात काश्मीरमध्ये नौशेरा येथून राजौरीकडे भारतीय सैन्य निघाले. पुढे रणगाडे होते. परंतु वाटेवर सुरुंग पेरलेले आणि झाडे पाडून ठेवलेली. ८ एप्रिल रोजी राणे यांची तुकडी वाट मोकळी करू लागली, तोच शत्रूच्या तोफगोळ्यांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पाच घायाळ झाले. घायाळांत राणे स्वतः होते.

तरी ते मागे फिरले नाहीत. माऱ्यापासून बचाव करीत पुढे सरकायचे, तर एकच आडोसा होता : रणगाड्याचे पोट. राणे रणगाड्याखाली शिरले. दोन्ही बाजूंना पोलादी पट्टे, वर टनावारी वजन. आतल्या चालकाला बाहेरचे काही ऐकू येणे शक्य नव्हते. म्हणून राणे यांनी हाती दोर धरले आणि ते ओढून ते चालकाला ‘चल’, ‘थांब’ अशा खुणा करू लागले. रणगाडा चाले, तसे तेही त्याच्याखालून सरपटत पुढे जात. एक खूण चुकली असती, तर पट्ट्याखाली चिरडून जाण्याचा धोका होता. ११ एप्रिलपर्यंत हे वाट मोकळी करण्याचे काम असेच चालू राहिले. शेवटच्या दिवशी तर त्यांनी सतरा तास काम केले. वाट झाली, रणगाडे गेले आणि राजौरीच्या लोकांची सुटका झाली. राणे यांना परमवीरचक्र मिळाले. पुढे ते मेजर होऊन निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्यास वारले.

रणगाड्याचे चित्र पाहताना आपण त्याच्या तोफेकडे पाहतो. त्याच्या पोटाखाली पाहण्याचे कोणाला सुचते?

सगळ्याच चित्रकारांना ते सुचले नाही, असे मात्र नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या सरकारने युद्धाची चित्रे काढण्यासाठी चित्रकार नेमले होते. लॉरा नाइट या चित्रकर्तीने १९४३ साली असे एक चित्र रंगवले, की त्यात रण नाही, धूर नाही, सेनापतीही नाही. कारखान्यातील एका यंत्रावर रुबी लॉफ्टस नावाची एकवीस वर्षांची मुलगी वाकून तोफेचा एक अवघड भाग कातीत आहे. तिची नजर हातातील कामावर खिळली आहे. हे चित्र भित्तिपत्रक होऊन सर्वत्र पोहोचले. चौकटीबाहेरच्या एका व्यक्तीला चित्रकर्तीने चौकटीच्या मध्यभागी आणून बसवले.

चौकटीबाहेर आणखी एक मनुष्य असतो, तो म्हणजे समोरचा. १९७१ च्या युद्धात, १६ डिसेंबरला, शकरगड भागात बसंतर नदीपलीकडे रणगाड्यांची तुंबळ लढाई झाली. तेथेही वाट आधी सुरुंग काढणाऱ्यांनी केली होती. त्यांतील मेजर विजय रतन चौधरी यांना याच कामात वीरमरण आले. सुरुंगांतून पार झालेली पलटण होती पूना हॉर्स. तिच्यात पुण्यास जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल होते. वय एकवीस वर्षे. त्यांचा ‘फामागुस्टा’ नावाचा रणगाडा पेटला. रणगाडा सोडून मागे येण्याची आज्ञा झाली, तरी आपली तोफ अजून चालत आहे, असे कळवून ते लढत राहिले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. तो रणगाडा पुढे अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा प्रशिक्षण केंद्रात जपून ठेवण्यात आला.

या गोष्टीचा शेवट तीस वर्षांनी झाला. अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, हेही सैनिकच होते. आणि तेही वाट करणाऱ्यांच्या, म्हणजे अभियंता दलातले. २००१ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, ते आपली जन्मभूमी पाहण्यास पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांना मोठ्या आदराने आपल्या घरी ठेवून घेतले. निरोपाच्या आदल्या रात्री यजमानांनी मनातील ओझे उतरवले : बसंतरच्या रणात अरुणच्या समोर जो रणगाडा होता, त्यात ते स्वतः होते, अरुण त्यांच्याच हातून मारला गेला होता. पित्याच्या मनाची त्या क्षणी काय अवस्था झाली असेल! पण त्यांनी क्रोध केला नाही. दोघेही सैनिक होते. दोघांनीही आपापले कर्तव्य केले होते. ते यजमानांना भेटून शांतपणे निघून आले.

दोन रणगाडे परस्परांवर तोफा रोखून उभे असल्याचे चित्र कोणीही काढू शकेल. त्यात एक आपला, एक परका. परंतु परक्या पोलादाच्या आतही असाच एक तरुण बसला होता, आणि त्याने ती आठवण तीस वर्षे उराशी बाळगली, हे कोणत्या रंगाने दाखवावे?

म्हणून युद्धाचे चित्र समोर आले, की त्याला काही प्रश्न विचारावेत. हे कोणी काढले? तो तेथे होता काय? कोणासाठी काढले? आणि यात कोण नाही? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत शोधावी लागतात. चौथ्याचे उत्तर शोधण्यास मात्र थोडी सहृदयता लागते. त्या उत्तराने वीराची कीर्ती मुळीच कमी होत नाही. उलट, तो एकटा लढला नाही हे कळून ती अधिक खरी होते.

अडगावच्या रानात आज पऱ्हाटी डोलते. नोव्हेंबरात वेचणीची धांदल असते. एखादी भरलेली बंडी ओल्या रस्त्यावर रुतते, शेजारी धावून येतात, चाकाला खांदे लागतात आणि बंडी पुढे जाते. ती दिसेनाशी झाली, तरी रस्त्यावर चाकोरीच्या दोन्ही अंगांना पावलांचे खोल ठसे उरतात. पाहणाऱ्याने ते पाहावेत.

शब्दार्थ

पऱ्हाटी – कापसाचे झाड. धारातीर्थी पडणे – रणात मरण येणे. तेजाब – धातूला खाणारे तीव्र आम्ल. शिळाछाप – दगडावरून छापलेले. अजस्र – अवाढव्य. चाकोरी – चाकांनी पडलेली वाट. सहृदयता – दुसऱ्याचे मन जाणण्याची वृत्ती.

अभ्यास

१. गाविलगडावर तोफा कशा नेण्यात आल्या? त्या मोहिमेतील कोणती माणसे इतिहासात अनामिक राहिली?

२. असईच्या लढाईचे चित्र काढणाऱ्या चित्रकाराविषयी कोणती माहिती मिळते? तीवरून त्या चित्राविषयी तुमचे काय मत होते?

३. ‘यंत्र जणू आपला रस्ता आपणच पुढे अंथरते आणि मागून गुंडाळून घेते.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. राम राघोबा राणे यांनी रणगाड्यांसाठी वाट कशी मोकळी केली, ते आठ-दहा ओळींत लिहा.

५. ‘टँक’ आणि ‘रणगाडा’ या दोन नावांतील फरक सांगा. ‘रणगाडा’, ‘रणक्षेत्र’, ‘जन्मभूमी’ या शब्दांचे समास सोडवा.

६. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : खांदा देणे, पाठ फिरवणे, उराशी बाळगणे, मनातील ओझे उतरवणे.

७. घरी, शाळेत किंवा ग्रंथालयात लढाईचे एखादे छापील चित्र मिळवा. पाठाच्या शेवटी दिलेले चार प्रश्न त्याला विचारा आणि उत्तरे वहीत लिहा.